बिऱ्हाड : मुंबईस जाणाऱ्यांसाठीं

(महोत्सवानिमित्त कारंजा (घाडगे) येथें दुपारच्या सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें उभें राहून पूर्वजांच्या श्रद्धेचें गुणगान करावें, जुन्या मिशनऱ्यांचे कष्ट आठवावे आणि तरुण पिढीस चार उपदेशाचे शब्द सांगावे, अशी रीत आहे. रीत चांगलीच आहे, आणि सकाळच्या मिस्साबलिदानाच्या वेळीं आम्हीं ती पाळलीही. परंतु दुपारच्या सभेचा विषय निवडण्याचें काम समितीनें आमच्यावर सोंपविलें, तेव्हां आमच्या दारीं लोक कोणत्या कामासाठीं अधिक येतात, याचा आम्हीं विचार केला. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचीं पत्रें, आजाऱ्याचें तेल हें तर आहेच. पण त्याच्या खालोखाल एकच प्रश्न आहे : "फादर, पोरगं मुंबईले चाललं, तिथं राहाची काही सोय होईन का?" आज त्याच प्रश्नाविषयीं बोलावयाचें आहे.

हा विषय देवळाच्या आवारांत बोलण्यासारखा नाहीं, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं लेवीय या ग्रंथाचा पंचविसावा अध्याय वाचावा. ज्या 'योबेल' वर्षावरून आपल्या महोत्सवाची कल्पना आली, तें मुळांत जमिनीचें व घरांचें वर्ष होतें. पन्नासाव्या वर्षीं ज्यानें त्यानें आपल्या वतनाकडे परत जावें, असा त्याचा नेम. त्यांतच एक बारीक कलम आहे. तटबंदीच्या नगरांतील घर विकलें तर तें एका वर्षाच्या आंत सोडवून घेण्याचा हक्क. वर्ष उलटलें कीं तें घर कायमचें विकत घेणाऱ्याचें, योबेलांतही तें परत यावयाचें नाहीं. परंतु तट नसलेल्या खेड्यांतील घर शेताच्या हिशेबीं धरावें आणि योबेलांत तें मूळ मालकाकडे जावें. शहरांतील घराचा व्यवहार गांवच्या घराहून निराळा आणि अधिक कठोर असतो, हें मोशेच्या शास्त्रासही ठाऊक होतें. कारंज्यांत ज्याचें दोन खणांचें का होईना स्वतःचें घर आहे, त्याला हें एकदम पटणार नाहीं. मुंबईंत आठ दिवस जागा शोधली कीं पटेल.

नव्या करारांत तर 'प्रेषितांचीं कृत्यें' हा सबंध ग्रंथ एका भाड्याच्या घरांत संपतो. संत पौल कैदी म्हणून रोमास पोंचला, आणि तेथें स्वतः भाड्यानें घेतलेल्या बिऱ्हाडांत दोन वर्षें राहिला. जो कोणी येई त्याचें तो स्वागत करी. तें भाडें त्यानें कोठून भरलें हें ग्रंथकारानें सांगितलेलें नाहीं. त्या काळीं रोमांतील सामान्य माणसें अनेक मजली इमारतींत भाड्यानें राहात, आणि अशा इमारतीस लॅटिन भाषेंत 'इन्सुला' म्हणत. इन्सुला म्हणजे बेट. सेमिनरींत हा शब्द प्रथम वाचला तेव्हां आम्हांस त्याची मौज वाटली होती. पुढें मुंबई पाहिल्यावर ती मौज उरली नाहीं. जुवेनाल नांवाच्या रोमन कवीची तर तक्रारच आहे कीं, रोमांत एका अंधाऱ्या खोलीस वर्षाकाठीं जें भाडें पडतें तेवढ्यांत बाहेरच्या लहान गांवीं बागेसह घर विकत मिळेल. या तक्रारीस सुमारें एकोणीसशें वर्षें झालीं.

मुंबई हेंही बेटच, किंबहुना सात बेटें भराव घालून जोडलेलें एक बेट. तिन्ही बाजूंस पाणी. वाढावयास वाट काय ती उत्तरेकडे. १८९६ सालीं तेथें प्लेग आला आणि मजुरांच्या कोंदट चाळींचें दुःख सरकारच्या नजरेस आलें. १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० सालीं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालें, आणि त्याच्या चाळी वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें उभ्या राहिल्या. एका कुटुंबास एक खोली, १६० चौरस फुटांची. पुढें शंभर वर्षें लोक त्यांत राहिले. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांस नव्या इमारतींतील मोठ्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या त्या २०२५ सालच्या ऑगस्टमध्यें.

भाडीं भडकलीं म्हणून १९१८ सालीं पहिला भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. नंतर १९४७ सालच्या कायद्यानें भाडें १९४० सालच्या सप्टेंबरच्या पातळीस बांधून टाकलें. त्यामुळें गोरगरीब भाडोत्री रस्त्यावर यावयाचे वांचले, हें खरेंच. परंतु भाड्यांतून दुरुस्तीचाही खर्च निघेना, म्हणून मालकांनीं इमारतींकडे पाठ फिरविली. भाड्यानें देण्यासाठीं नवें घर बांधण्याची इच्छा मावळली. आणि खोलीचा ताबा हातोहात देण्याची 'पागडी' रूढ झाली. सध्याचा कायदा १९९९ सालचा. तो ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला. जुन्या भाडोत्र्यांचें संरक्षण त्यानेंही बहुतांशीं राखलें आहे. इतका इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, गिरगांवांत अमक्याचे नातलग अगदीं थोड्या भाड्यांत राहतात हें ऐकून आमचे कांहीं तरुण तशा आशेनें निघतात. ती खोली आजोबांच्या काळची असते. नवागतास ती मिळावयाची नाहीं.

आपल्या येथून कोण जातें? परिचारिकेचें शिक्षण घेतलेल्या मुली जातात, हॉटेलांत व सुरक्षारक्षकाच्या नोकरींत लागलेले मुलगे जातात, एखादा संगणक शिकलेला जातो. संत्र्याचा बाग वाळला किंवा कपाशीनें दगा दिला कीं थोरलेही जातात. संध्याकाळीं वर्ध्यास गाडींत बसावें, सकाळीं मुंबईस उतरावें; प्रवास सोपा आहे. अडचण उतरल्यावर सुरू होते.

हिशेब करून पाहूं. समजा, दूरच्या उपनगरांत एका लहान खोलीचें भाडें महिना १२,००० रुपये ठरलें आणि मालकानें ५०,००० रुपये अनामत मागितली. दलालास एका महिन्याचें भाडें द्यावें लागतें, ते आणखी १२,०००. पहिल्या महिन्याचें भाडें आगाऊ, ते १२,०००. म्हणजे पहिला पगार हातांत पडण्यापूर्वींच ८६,००० रुपये मोजावे लागले. आतां आमचे घरोघरचे लोक हे ८६,००० कोठून आणतात, हें आम्हांस ठाऊक आहे. कोणी गाय विकतो, कोणी बायकोचें मंगळसूत्र गहाण ठेवतो, कोणी शेंकडा दरमहा व्याजानें काढतो. भाडें पगारांतून कसेंबसें निघतें हो; माणूस बुडतो तो अनामतीच्या व्याजांत. अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षां अधिक नसावी, असें केंद्र सरकारनें २०२१ सालीं काढलेल्या नमुना कायद्यांत म्हटलें आहे. पण तो नमुना आहे, राज्यानें तसा कायदा केल्यावांचून घरमालकास तो बांधीत नाहीं.

कायद्याचें बोलणें निघालेंच आहे तर तें थोडें विस्तारानें सांगतों, कारण या बाबतींत आमचे लोक फार भाबडे आहेत. मुंबईंत आज जो अकरा महिन्यांचा कागद होतो तो बहुधा भाडेपट्टा नसतो, 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार असतो. त्यानें तुम्हांस राहण्याची परवानगी मिळते, घरांत हक्क मिळत नाहीं. मुदत संपल्यावर जागा न सोडली तर कायद्याच्या २४ व्या कलमाखालीं दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते. म्हणून मुदत केव्हां संपते हें भिंतीवर लिहून ठेवावें. दुसरी बाजू तुमच्या हिताची आहे. ५५ व्या कलमाप्रमाणें हा करार लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्यानें ती टाळली तर करारांतील अटींविषयीं भाडोत्री जें सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड होऊं शकतो. नोंदणीस खर्च फार येतो, ही थाप आहे. मुद्रांकशुल्क एकंदर भाड्याच्या शेंकडा पाव. आम्हीं वर धरलेल्या भाड्यावर तें साडेतीनशें रुपयांच्या आसपास जातें. नोंदणीची फी वेगळी, शहरांत एक हजार. एवढ्यासाठीं साध्या कागदावर सही करून पन्नास हजार परक्याच्या हातीं देणें हा शहाणपणा नव्हे. अनामत बँकेमार्फत द्यावी, तिचा आंकडा करारांत असावा, आणि खोली डोळ्यांनीं पाहिल्यावांचून 'टोकन' म्हणून एक रुपयाही कोणास पाठवूं नये. मोबाइलवरील सुंदर छायाचित्रें पाहून पैसे पाठविणारे आमच्या माहितींत आहेत. त्यांची नांवें येथें घेत नाहीं.

जागा कोठें पाहावी, हें आम्हीं सांगण्यापेक्षां तेथें राहणारे अधिक चांगलें सांगतील. पश्चिमेस नालासोपारा, विरार; मध्य रेल्वेवर दिवा, कल्याणच्या पलीकडचीं गांवें, बदलापूर; तिकडे पनवेल. स्थानकापासून जितकें लांब तितकें भाडें उतरतें, मग रिक्षाचा खर्च चढतो. चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटर आहे, मुख्य स्थानकापासून बदलापूर ६८. येथून रोज नागपुरास नोकरीस जाऊन येण्याजोगेंच हें झालें, आणि तेंही उभ्यानें. रात्रपाळीच्या परिचारिकेनें घर निवडतांना भाड्याआधीं शेवटची गाडी पाहावी.

आतां आमच्या मुख्य म्हणण्याकडे येतों. मुंबईस उपरा म्हणून जाणारा तुमचा मुलगा पहिला नव्हे. गोव्याचे आपले कॅथलिक बंधु एकोणिसाव्या शतकापासून तेथें जात आले : कोणी जहाजावरचा खलाशी, कोणी आचारी, कोणी वाजंत्री. एकट्याच्या मिळकतींत खोली परवडेना, म्हणून एकेका गांवानें मिळून मुंबईंत एकेक मोठी खोली घेतली. तिला ते 'कूड' म्हणत. धोबी तलाव, कावेल, माझगांव या भागांत असे शेंकडों कूड होते, आणि कांहीं आजही चालू आहेत. धोबी तलावावरच्या जेर महाल इमारतींत ते पाहावयास मिळतात. एक लांब दालन, भिंतीशीं ओळीनें सभासदांच्या पेट्या, रात्रीं जमिनीवर चटया. वर्गणी अगदीं थोडी. एका टोकास वेदी, तिच्यावर गांवच्या पालक संताची मूर्ति, आणि संध्याकाळीं जपमाळेस हजर राहणें हा नियम. खलाशी सहा-सहा महिने समुद्रावर असे तेव्हां त्याची पेटी तेथेंच राही. परतल्यावर जागा शोधावयाची नाहीं. गांवच्या संताचा सण गांवीं जाणें न झालें तर कुडांत होई.

कोंकणच्या हिंदु बांधवांनींही हेंच केलें. लालबाग-परळच्या चाळींत गांवकऱ्यांच्या सामायिक खोल्या असत. एका पाळीचे कामगार उठले कीं दुसऱ्या पाळीचे त्याच जागीं निजत. जेवण खानावळींत. गिरणगांवांतल्या त्या खानावळी चालविणाऱ्या बायांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. आणि ज्यांची थोडी ऐपत होती त्यांनीं सहकारी गृहसंस्था काढल्या : गांवदेवीची सारस्वतांची १९१५ सालची, वांद्र्याची साष्टी कॅथलिक संस्था १९१८ सालची. या सर्वांत श्रीमंत कोणीच नव्हते. एकमेकांस ओळखणारे मात्र होते.

आपल्या धर्मग्रामाची मुंबईंत अशी एकही खोली नाहीं. आपली मुलें तेथें आहेत, पण एक नालासोपाऱ्यास, एक मानखुर्दास, एक दिव्यास. एकाचा पत्ता दुसऱ्यास नाहीं. यंदा नाताळास घरीं आलेल्या दोघांची ओळख आम्हीं आमच्या व्हरांड्यांत करून दिली. दोघे एकाच रेल्वेमार्गावर राहात होते!

येथें एक नाजूक गोष्ट बोलणें भाग आहे. मुंबईंत घर मागावयास गेलें कीं नांव विचारतात, मग धर्म, मग ताटांत काय असतें तें. कोणी म्हणतो, मांसाहारी नको. कोणी म्हणतो, लग्न न झालेला नको. कोणी उघड सांगत नाहीं, दुसऱ्या दिवशीं जागा गेली म्हणतो. हा अपमान आपल्या मुलांनीं सोसला आहे. म्हणून कित्येक आमच्याकडे पत्र मागतात : "हा कॅथलिक आहे, असें लिहून द्या, तिकडे आपल्या लोकांचीं घरें आहेत." पत्र आम्ही देतों, पुढेंही देऊं. परंतु आपली मागणी काय आहे हें ओळखून मागावें. जें दार आपल्या तोंडावर धर्म विचारून बंद झालें, तसलेंच दार दुसऱ्याच्या तोंडावर बंद करून आपणांस उघडावें, अशी ती मागणी असेल, तर ती आपल्या धर्मास शोभत नाहीं. पत्रांत आम्ही मुलाचें घराणें, त्याची वागणूक आणि तो कोणत्या कामावर आहे एवढें लिहूं. मालकानें तें वाचून विश्वास ठेवावा. धर्माचें नांव असेल, पण तेवढ्यावर भर असणार नाहीं.

आणि हें बोलतांना आमची नजर खुद्द कारंज्याकडेही वळते. आपल्यांतही कांहींजणांचीं महामार्गालगत भाड्यानें देण्याजोगीं घरें आहेत. नवे शिक्षक येतात, एस.टी.चे लोक येतात, बँकेंत बदली होऊन कोणी येतो. त्यांतल्या एका कुटुंबास चार घरीं नकार मिळाला. कारण विचारलें तेव्हां उत्तर असें आलें कीं, "ते कोणत्या जातीचे हें आधीं कळूं द्या." ज्या घरांतून हें उत्तर आलें त्याच घरचा मुलगा तेव्हां ठाण्यास जागेसाठीं पायपीट करीत होता. आम्हीं त्या घरीं जाऊन एवढेंच सांगितलें. पुढच्या आठवड्यांत खोली दिली गेली, आणि भाडेही वाजवी घेतलें. अशा घरमालकांचें आम्हांस कौतुकच आहे.

ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेंत या विषयीं एक फार उदार नियम आहे, तो सामान्यतः कोणास ठाऊक नसतो. १९८३ च्या संहितेच्या १०२ व्या नियमाप्रमाणें, जो मनुष्य एखाद्या धर्मग्रामांत तीन महिने राहण्याच्या इराद्यानें येतो, किंवा प्रत्यक्ष तीन महिने राहतो, त्यास तेथें अर्धनिवास प्राप्त होतो. आणि १०७ व्या नियमानें तेथला धर्मगुरू त्याचा स्वतःचा धर्मगुरू होतो. तेथें मालकी विचारीत नाहींत, करार विचारीत नाहींत. सरकारी कायद्यानें तुम्ही नुसते परवानगीवर राहणारे. ख्रिस्तसभेच्या कायद्यानें तुम्ही तिसऱ्या महिन्यांत त्या धर्मग्रामाचे घरचे. तेव्हां मुंबईस गेल्यावर पहिल्या रविवारीं मिस्सानंतर तेथल्या फादरांस भेटावें, नांव नोंदवावें. वाजवी खोली बहुधा दलालाच्या फलकावरून कळत नाहीं, देवळाच्या पायरीवर कळते. मुलींनीं तर सिस्टरांच्या वसतिगृहांची चौकशी निघण्यापूर्वींच करावी. जागा थोड्या असतात आणि लवकर भरतात.

पोपसाहेबांच्या न्याय व शांति आयोगानें १९८७ सालच्या डिसेंबरांत ख्रिस्तसभा आणि घरांचा प्रश्न या विषयावर एक सबंध पत्रक काढलें होतें. तेव्हां घर हा पोटार्थी विषय आहे, धर्माचा नव्हे, असें आतां कोणी म्हणूं नये. पण पत्रकांनीं अनामत भरली जात नाहीं. म्हणून समितीपुढें आमची एक सूचना आहे, आणि तिला विरोध आहे हेंही आम्हांस माहीत आहे. महोत्सवाच्या वर्गणींतून खर्च वजा जातां जी शिल्लक राहील तिच्यांतून फाटकावर कमान उभारावी, असें कांहीं वडीलधाऱ्यांचें मत आहे. कमान दिसेल, आणि त्यांची भावनाही निर्मळ आहे. आमचें म्हणणें, त्या शिलकीचा 'अनामत निधि' करावा. मुंबईस किंवा पुण्यास नोकरीस लागलेल्या आपल्या मुलामुलींस नोंदलेला करार पाहून अनामतीपुरती रक्कम बिनव्याजी द्यावी, आणि ती दरमहा हप्त्यानें अकरा महिन्यांत परत घ्यावी. अनामत घरमालकाकडून परत येईल तेव्हां ती त्याची स्वतःची झालेली असेल. ही कल्पना आमची नव्हे. सावकारी व्याजांतून गरिबांस सोडविण्यासाठीं फ्रान्सिस्कन संन्याशांनीं इटलींत पेरुज्या येथें १४६२ सालीं अशीच पेढी काढली, आणि पुढें १५१५ सालीं लॅटेरन धर्मपरिषदेनें अशा पेढ्यांस मान्यता दिली. पैसे बुडतील, हा आक्षेप तेव्हांही घेतला गेला असेल. एखाद्याचे बुडतीलही, म्हणून दोन जामीनदार घ्यावे, आणि जामीनदारांत मुलाचा बाप नसावा, कारण बापास नाहीं म्हणतां येत नाहीं.

दुसरें काम पैशावांचून होण्याजोगें आहे. मुंबई, ठाणें, पनवेल या बाजूस असलेल्या आपल्या सर्व मुलामुलींचीं नांवें, कामाचें ठिकाण आणि जवळचें स्थानक, इतकें एका वहींत लिहावयाचें. वही आमच्या कचेरींत राहील. कोणाचा दूरध्वनीचा आंकडा त्याच्या अनुमतीवांचून दुसऱ्यास देणार नाहीं. एका मार्गावरचे तिघे-चौघे निघाले कीं त्यांनीं मिळून खोली घ्यावी. करारांत सर्वांचीं नांवें घालावीं, एकाचें घालून बाकीच्यांनीं पाहुणे म्हणून राहूं नये, नाहींतर पहिल्या भांडणांत तिघे बाहेर. स्वयंपाक, वीज, झाडलोट यांचे नियम पहिल्याच दिवशीं ठरवावे. संध्याकाळीं सर्वांस एकत्र जपमाळ जमणार नाहीं, पाळ्या निरनिराळ्या असतात. जे असतील त्यांनीं म्हणावी.

वही येत्या रविवारीं मिस्सानंतर टेबलावर ठेवली जाईल. आईबापांनीं मुलांस आधीं विचारून नांव घालावें. ज्यांस पत्र पाहिजे त्यांनीं नोकरीचा कागद आणि आधारपत्र घेऊन मंगळवारीं किंवा शुक्रवारीं सायंकाळीं यावें; निघण्याच्या आदल्या रात्रीं दार ठोठावूं नये. निधीविषयीं समितीची बैठक पुढील महिन्यांत आहे, तींत सर्व कुटुंबप्रमुखांनीं आणि विशेषतः आयांनीं यावें, कारण मंगळसूत्र कोणाचें गहाण पडतें हें त्यांनाच अधिक ठाऊक आहे.